मे महिन्यातली खिडकी: हिमालयातल्या मोहिमा तारीख कशी ठरवतात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा मजकूर. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात चार तारखांपासून करू. २५ मे १९५५. ३१ मे १९७७. १५ मे २०१९. ५ मे २०२२.

डोंगर चारही वेळा एकच. कांचनजंगा, ८,५८६ मीटर, जगातलं तिसरं उंच शिखर. पहिल्या तारखेला जॉर्ज बँड आणि जो ब्राऊन हे दोन ब्रिटिश तिथे सगळ्यात आधी पोचले आणि सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या काही पावलं अलीकडेच थांबले. दुसऱ्या तारखेला भारतीय लष्कराचे मेजर प्रेमचंद आणि नाईक निमा दोर्जे, कर्नल नरेंद्र कुमार यांच्या मोहिमेतून, ईशान्येच्या अवघड बाजूने. तिसऱ्या तारखेला पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा जण, उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली, दहाही एकाच दिवशी. आणि चौथ्या तारखेला आपल्या साताऱ्याची प्रियांका मोहिते.

५ मे ते ३१ मे. तोच डोंगर, आणि तारखांत जवळपास चार आठवड्यांचा फरक. मी पंढरपुरात वाढलो, आणि आमच्याकडे तारीख पंचांग ठरवतं. आषाढी एकादशी म्हणजे एकादशी. पाऊस असो, ऊन असो, पालख्या त्या दिवशी वेशीत हजर. हिमालयातल्या मोहिमेत नेमकं उलटं आहे: जायचं कुठे हे पक्कं, कधी ते मोकळं. मग ते 'कधी' कोण ठरवतं आणि कसं? शंभर वर्षांत ही पद्धत कशी बदलत गेली, तीच आजची गोष्ट.

आधी थोडं विज्ञान. आठ हजार मीटरच्या शिखरांवर वर्षातला बराच काळ जेट स्ट्रीम आदळत असते. म्हणजे आकाशात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी वाऱ्याची नदी. हिवाळ्यात तिथे ताशी १५० किलोमीटर वेगसुद्धा काही विशेष नसतो. अशा वाऱ्यात माणूस उभा राहू शकत नाही. उन्हाळा वाढतो तसा हा पट्टा उत्तरेला, तिबेटकडे सरकतो. पण त्याच सुमारास बंगालच्या उपसागरातून मान्सून वर यायला निघालेला असतो. तो पोचला की बर्फ पडायला लागतं, कमरेपर्यंत साचतं आणि उतारांवरून कोसळतं. वारा गेलाय आणि पाऊस अजून आलेला नाही, असे मधले थोडे दिवस म्हणजे 'वेदर विंडो'. आपण खिडकीच म्हणू. ती कधी आठवडाभर उघडते, कधी दोनच दिवस. मान्सूननंतर, शरद ऋतूत, अशीच आणखी एक खिडकी असते, पण तिथे थंडी आणि वारा दोन्ही वाढत जातात.

आज हे मी एका परिच्छेदात सांगितलं. १९२२ साली हे कोणालाच माहीत नव्हतं. जेट स्ट्रीम हा शब्दसुद्धा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९४४ मध्ये जपानवर जाणाऱ्या अमेरिकन बी-२९ विमानांना एवढा जबरदस्त वारा लागला की मग जगाने त्याकडे नीट लक्ष दिलं. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेला मान्सून माहीत होता, पण तो यंदा नक्की कधी पोचणार हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी दोन प्रयत्न केले. मग जूनच्या सुरुवातीला ताजं बर्फ पडलं, आणि तरीही ७ जूनला तिसऱ्यांदा वर निघाले. नॉर्थ कोलच्या खालचा उतार सुटला आणि सात शेर्पा त्यात गेले. एव्हरेस्टवरचा हा पहिला मोठा अपघात, आणि तो खिडकी बंद झाल्यावर घडला. १९३६ साली मान्सून लवकर आला आणि सगळी मोहीमच गुंडाळावी लागली. १९३८ ला टिलमन मुद्दाम लवकर गेले, तर मेच्या पहिल्याच आठवड्यात बर्फ सुरू.

मधल्या काळात एक गोष्ट बदलली. १९३३ च्या मोहिमेने बेस कॅम्पवर वायरलेस नेला आणि कलकत्त्याच्या अलिपूर वेधशाळेकडून हवामानाची खबर वर जायला लागली. म्हणजे डोंगरावर बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच उपसागरात काय चाललंय ते कळू लागलं.

इथे पुण्याच्या मंडळींसाठी एक गंमत. शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे, तुम्ही तिथून रोज जात असाल. पुण्यात सिमला कशाला? तर भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, आणि लोकांनी त्या दगडी इमारतीचं नावच तसं पाडलं. मुख्यालय १९४४ ला दिल्लीला गेलं, नाव राहिलं. त्याआधी सिमल्याला गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ १९०४ ते १९२४ या खात्याचे प्रमुख होते, आणि मान्सूनचा अंदाज आधी सांगता यावा म्हणून जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे एकमेकांशी जुळवून बघत होते. आज आपण एल निनोच्या बातम्या ऐकतो त्यामागे त्यांचं हे काम आहे. मला विचाराल तर डेटा सायन्स हा शब्द येण्याच्या शंभर वर्षं आधीचं ते डेटा सायन्सच.

आता १९५२. स्विस लोकांनी एकाच वर्षात खिडकीच्या दोन्ही बाजू तपासल्या. वसंतात रेमंड लँबर्ट आणि तेनझिंग नोर्गे ८,६०० मीटरच्या आसपास पोचून परतले. शरद ऋतूत ते पुन्हा गेले, आणि नोव्हेंबरच्या वाऱ्याने आणि थंडीने त्यांना हाकलून लावलं. १९५३ मध्ये जॉन हंट यांच्या ब्रिटिश मोहिमेसाठी आकाशवाणी आणि बीबीसी खास हवामान-वार्तापत्र देत होत्या. २६ मेला पहिली जोडी दक्षिण शिखरावरून माघारी आली. २७ तारीख साउथ कोलवर वाऱ्यातच गेली. २९ मेला हिलरी आणि तेनझिंग माथ्यावर. मधला तो एक दिवस गप्प तंबूत बसून राहणं, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त भिडते ती भारतीय मोहिमांची गोष्ट, १९६० ते १९६५ ची.

१९६० ला ब्रिगेडियर ग्यान सिंग यांची मोहीम. २५ मेला नरेंद्र कुमार, सोनम ग्यात्सो आणि नवांग गोम्बू शिखराच्या जेमतेम २०० मीटर खाली होते. वारा आणि हिमवादळ. परत फिरले. हे नरेंद्र कुमार म्हणजे वर कांचनजंगाच्या गोष्टीत आलेले तेच. १९६२ ला जॉन डायस यांची मोहीम. ३० मेला मोहनसिंग कोहली, हरी डांग आणि तेच सोनम ग्यात्सो आणखी जवळ गेले, सुमारे १३० मीटर राहिले होते. पुन्हा खराब हवा, पुन्हा माघार. विचार करा, ग्यात्सो दोनदा तिथवर गेले आणि दोनदा वळले. १३० मीटर म्हणजे सपाटीवर आपल्याला मिनिट-दोन मिनिटं. तिथे ते काही तास असतात, आणि खाली येण्याचे तास वेगळेच.

१९६५ ला नौदलाचे अधिकारी असलेले तेच कोहली नेते झाले. एप्रिलच्या अखेरीस तयारी बरीच वरपर्यंत पोचली होती. पण हवा दीर्घकाळ बिघडणार असं दिसलं, आणि कोहलींनी सगळ्यांना बेस कॅम्पला खाली बोलावलं. दोन आठवडे बसून राहिले. देशाचं लक्ष लागलेलं, दोन मोहिमा आधीच हुकलेल्या, आणि हा माणूस म्हणतोय थांबा. मग २० मेला गोम्बू आणि ए. एस. चीमा. २२ ला सोनम ग्यात्सो आणि सोनम वांग्याल. २४ ला सी. पी. व्होरा आणि आंग कामी. २९ ला अहलुवालिया, रावत आणि फू दोर्जी. नऊ माणसं, चार वेगवेगळे दिवस. एका मोहिमेतून एवढी माणसं माथ्यावर जाण्याचा तो त्या वेळचा विक्रम होता. ग्यात्सो तेव्हा ४२ वर्षांचे होते. १९६२ ला वळले नसते तर या यादीत त्यांचं नाव दिसलं असतं का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

आता 'कसं'कडे येऊ. मोहिमेचं नियोजन हे शेवटाकडून सुरुवातीकडे होतं. खिडकी मेच्या मध्यात उघडेल असं धरायचं. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. थोडं वर जायचं, खाली येऊन झोपायचं, पुन्हा वर. म्हणजे एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बेस कॅम्प गाठायला हवा. कांचनजंगासारखा आडबाजूचा डोंगर असेल तर तिथे पोचायलाच आठवड्याहून जास्त चाल. म्हणजे मार्चअखेरीस घरून निघायचं. दोर, गॅस, ऑक्सिजनचे सिलिंडर, वरच्या कॅम्पवरचं खाणं, सगळं आधी चढवून ठेवायचं. आणि मग तयार होऊन खाली बसायचं. आमच्या भाषेत, बिल्ड तयार, टेस्टिंग झालंय, आता फक्त रिलीजची वाट.

खरी मेख इथून पुढे आहे. बेस कॅम्पपासून माथ्यापर्यंत जायला चार-पाच दिवस लागतात. म्हणजे खिडकी उघडल्यावर निघून उपयोग नाही, पोचेपर्यंत ती बंद होईल. निघायचं असतं ती बंद असतानाच. वर वारा घोंगावतोय, शिखरावरून बर्फाचा पिसारा उडताना डोळ्यांना दिसतोय, आणि नेता म्हणतो, उद्या पहाटे निघा, कारण पाचव्या दिवशी हा वारा पडणार आहे. डोळ्यांना दिसतं त्याविरुद्ध, दूरच्या कोणाच्या आकड्यांवर भरवसा ठेवून.

पंढरपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमचा तालुका तसा दुष्काळी पट्ट्यातला. आभाळ निरभ्र, गावात थेंब नाही, आणि वाळवंटातले दुकानदार भराभर सामान उचलत असतात. का? तर उजनीतून आणि वीर धरणातून पाणी सोडलंय. पाऊस पडला तो दूर सह्याद्रीत, भीमेच्या आणि नीरेच्या उगमाकडे. 'दौंडचा विसर्ग किती?' हा आमच्याकडे पावसाळ्यात चहाच्या टपरीवरचा प्रश्न असतो. काही तासांनी पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागतं, जुना दगडी पूल पाण्याखाली जातो. जो आभाळाकडे बघून ठरवतो त्याची टपरी वाहते. जो आकडा ऐकतो त्याची वाचते.

हिमालयाचं 'दौंड' आहे बंगालचा उपसागर. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, त्याचाच उरलेला ओलावा नेपाळमध्ये ५,४१६ मीटरच्या थोरोंग ला खिंडीत बर्फ होऊन कोसळला. ट्रेकिंगचा भर हंगाम होता. त्या भागात चाळीसहून जास्त लोक गेले, त्यात पर्यटक होते, गाईड होते, स्थानिक होते. विशाखापट्टणमच्या बातम्या सगळीकडे चालू होत्या. त्या खिंडीत चालणाऱ्यांपर्यंत 'हे तुमच्याकडे येतंय' एवढं वाक्य पोचलं नाही.

२०१९ मध्येही तसंच एक वादळ आलं. ३ मेला फनी पुरीला धडकलं. पुरीपासून कांचनजंगा सरळ रेषेत साधारण ९०० किलोमीटर. एव्हरेस्टच्या वरच्या कॅम्पवरचे तंबू त्या दिवसांतल्या वाऱ्याने फाडून टाकले. पण या वेळी इशारे आधी होते. त्यानंतर बाराव्या दिवशी, १५ मेला, गिरिप्रेमीचे दहा जण कांचनजंगाच्या माथ्यावर होते. गिरिप्रेमीचं हे सातवं आठ-हजारी शिखर.

त्याच दिवशी, त्याच डोंगरावर, त्याच हवेत गेलेल्या पश्चिम बंगालच्या दोन गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. हे मला टाळून पुढे जायचं नाही. शेवटचा कॅम्प ते माथा हा कांचनजंगावर हजार मीटरहून जास्त चढ आहे. खिडकी उघडी असणं म्हणजे फक्त वारा नाही एवढंच. ऑक्सिजन किती उरलाय, किती वाजता वळायचं, पाय अजून चालतात का, याबद्दल अंदाज सांगणारा कॉम्प्युटर काही बोलत नाही.

कॉम्प्युटर काय सांगतो तेही बघू. युरोपच्या हवामान केंद्राचं मॉडेल एकच अंदाज देत नाही. सुरुवातीची परिस्थिती किंचित किंचित बदलून ते ५१ वेळा चालवलं जातं. ५१ पैकी ४५ उत्तरं 'गुरुवारी वारा पडेल' म्हणत असतील तर भरवसा वाढतो, २५ म्हणत असतील तर नाणेफेक. माथ्यावरचा वारा ताशी ४०-५० किलोमीटरच्या खाली राहील असे सलग दोन दिवस शोधायचे. हे आकडे सॅटेलाइट फोनवरून तंबूत येतात. १९३३ च्या वायरलेसपासून आपण इथवर आलो.

आणि यातून एक नवीच भानगड तयार झाली. आता सगळ्यांना एकच खिडकी एकाच वेळी दिसते. तत्काळ तिकिटाचं आठवा: सकाळी दहाला खिडकी उघडते हे सगळ्या देशाला माहीत, म्हणून दहाला सगळा देश तिथे. २०१२ च्या वसंतात एव्हरेस्टवर हवा कोरडी होती, ल्होत्से भिंतीवर दगड पडत होते, एका मोठ्या व्यावसायिक संस्थेने तर मेच्या सुरुवातीलाच मोहीम रद्द केली. उरलेल्यांना पहिली बरी खिडकी दिसली १९ मेच्या आसपास. त्या एका दिवशी दीडशेच्या घरात माणसं नेपाळच्या बाजूने माथ्याकडे निघाली. दुपारनंतर वारा वाढला. उतरताना चार जण गेले. त्याच दिवशी गिरिप्रेमीचे आठ जण एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन सुखरूप परतले. आपल्या सोलापूरच्या आनंद बनसोडे यांनीही त्याच महिन्यात एव्हरेस्ट गाठलं. २०१९ च्या २२ मेचा तो रांगेचा फोटो तर तुम्ही सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर पाहिलाच असेल.

त्यामुळे हल्ली नियोजनात हवेच्या जोडीला गर्दीचाही अंदाज बांधावा लागतो. काही पथकं मुद्दाम पहिली चांगली खिडकी सोडतात आणि दुसरीची वाट बघतात. ती उघडेलच याची खात्री नसते. पैसे भरलेले, सुट्टी संपत आलेली, दोन महिने घर सोडून झालेले, आणि समोरून लोक वर जाताना दिसतायत. माझ्या मते आजच्या मोहिमेतला सगळ्यात कठीण निर्णय हाच आहे, आणि कोहलींच्या १९६५ च्या दोन आठवड्यांशी त्याचं जवळचं नातं आहे.

शेवटी अन्नपूर्णा. ही सगळ्यात आधी चढली गेलेली आठ-हजारी, आणि सगळ्यात जीवघेण्या डोंगरांपैकी एक. ३ जून १९५० ला फ्रान्सचे मॉरिस हर्झॉग आणि लुई लाशनाल माथ्यावर पोचले. मान्सून दारात उभा होता. उतरताना वादळ, हिमस्खलन, बर्फाच्या भेगेत काढलेली रात्र.

गिरिप्रेमीचे भूषण हर्षे, डॉ. सुमित मांदळे आणि जितेंद्र गवारे तिथे पोचले १६ एप्रिल २०२१ ला. त्याच दिवशी प्रियांका मोहितेही, आणि ती अन्नपूर्णा चढणारी पहिली भारतीय महिला ठरली. कॅलेंडरवर हर्झॉग यांच्यापेक्षा ४८ दिवस आधी. अन्नपूर्णेवर आता बहुतेक जण एप्रिलमध्येच जातात, कारण ऊन वाढलं की तिथले उतार सुटायला लागतात. तिथेही सगळं कागदावरच्यासारखं झालं नाही. चौथ्या कॅम्पच्या वर लावायला दोर कमी पडला, तो हेलिकॉप्टरने मागवावा लागला, आणि त्यावर गिर्यारोहकांच्या जगात बरीच टीकाही झाली. पण हवा टिकली, आणि मेचा महिना लागायच्या आत सगळे खाली होते.

१९५० मध्ये हर्झॉग यांना हमालांनी पाठीवर आणि डोलीत घालून खाली आणलं. हातापायाची बोटं गोठून काळी पडली होती, डॉक्टर वाटेतच ती कापत होते, आणि जूनभर त्यांच्यावर पाऊस पडत होता.